दुखण्याचे चौकोन

ग्रिम्सबीच्या दवाखान्यात, गोदीकडची खिडकी
जिथे नीट लागत नाही ती खोली.
ऑलिव्ह ड्रुरी, वय एक्याऐंशी, कोट न काढताच बसलेली.
समोर टिली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची, उभी,
हातात छापील तक्ता.
एकोणीस चौकोन. दुखणं कसं आहे?
लागू असेल तिथे खूण करा.

सुरी खुपसल्यासारखं?
नाही.
आग होते, जळजळ?
आग कुठली, आमच्याकडे कोळसा पुरला नाही कधी.
ठणका?
ठणका दाताला. दात गेले.
चमक?
चमक येते आणि जाते. हे जातंय कुठे?

ऑलिव्ह एकेक शब्द घेते,
मासा घेताना घेतात तसा, कल्ले उघडून बघते,
आणि परत बर्फावर ठेवते.

सगळ्यांत वर, मथळ्यात, मोठा शब्द आहे: पेन.
मी तो देवनागरीत उतरवला
तर त्याला टोपण आलं, खिशाला अडकवायची पट्टी आली.
ऑलिव्हही तो जपूनच वापरते.
पेन मला एकदाच झालं, म्हणते, अठरा तास,
त्याचं नाव आम्ही केनेथ ठेवलं.
हर्ट म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं.
सोअर वरवरचं, कातडीपुरतं,
सुतळीने सोलवटायचं ना, तसं.

सोळाव्या वर्षापासून ट्रॉलरची जाळी विणली तिने,
पत्र्याच्या शेडमध्ये, उभ्याने,
गाठ, ओढ, गाठ, ओढ,
हिवाळ्यात सुतळी ओली यायची आणि तारेसारखी कडक.
आता बोटं मिटत नाहीत.
चहाचा कप ती दोन तळव्यांत धरते.

तर मग काय लिहू? टिली विचारते.
ऑलिव्ह खिडकीकडे बघते.
एक, म्हणते.

हो, उच्चार तोच. माझ्या लिपीत दुसरा इलाज नाही.
मी आपले शब्द काढून बघितले तिच्यासाठी.
कळ म्हटलं तर कुठेतरी दिवा लागतो.
ठसठस गळवाची, ते एकदा फुटतं तरी.
सलाला काटा लागतो, आणि काट्याला कुणीतरी दोषी.
उसण जवळची, पण उसण पाठीत भरते आणि उतरते,
हिचं तर बोटांत घर आहे, भाडं न देता.
शेवटी मीही एकच लिहिलं.

तक्त्यात तो शेवटून दुसरा चौकोन.
'सौम्य' या रकान्यात.
तिथे कुणी ठेवला त्याला? ऑलिव्ह विचारते,
रागाने नाही, शेजाऱ्याची चौकशी करावी तशी.
टिलीला माहीत नाही. छापूनच येतं.
एकला एक गुण.
चारच्या खाली गुण असले की पुढची तारीख नोव्हेंबरातली.
आता फेब्रुवारी आहे.

टिली या पायावरून त्या पायावर होते.
टाचा? ऑलिव्ह विचारते.
काही नाही.
(हाही समानार्थीच, कुठल्याच तक्त्यात नसलेला.)
नवे बूट?
हो.

मग टिली खाली बघून आणखी एक खूण करते,
'पिळवटून निघणं', तीन गुण.
ऑलिव्हला चष्म्याशिवायही लांबचं दिसतं.
तो शब्द माझा नाही.
माहीत आहे मला.
खिडकीच्या फटीतून गोदीचा वास येतो,
डिझेल, भिजका दोर, आणि मासळी आता थोडीच.
बरं, राहू दे, ऑलिव्ह म्हणते,
दोघं शेजारी शेजारी राहतील.

आणि उठताना, खुर्चीला कोपराने रेटा देत,
बोटं न वापरता:
मेणबत्ती घास गं बुटाला, टाचेच्या आतून.
पांढरी. रंगीत नको.